घडी

खोकं परत आलं तेव्हा तो एका कानाच्या आतल्या वळणावरून पॉलिश पेपर फिरवत होता. कान हे त्याचं आवडतं काम. कानात लपवायला जागा पुष्कळ, आणि प्रत्येक खाचेला काहीतरी कारण असतं. वैद्यकीय कॉलेजांना शिकवण्यासाठी शरीराचे नमुने लागतात, ते इथे बनत. कारखाना म्हणजे एक लांबट हॉल, वर पत्रे, भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर रांगेनं उघडमीट होणारी हृदयं, मधोमध चिरलेली डोकी, पोटातून बाहेर काढून पुन्हा बसवता येणारी मूत्रपिंडं. मालक नव्या गिऱ्हाइकाला नेहमी सांगे, आमच्याकडे सगळं मिळतं, फक्त जीव मिळत नाही. खोकं आणणाऱ्या माणसानं ते टेबलावर ठेवलं आणि तो गेला. मालकानं फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तूच बोल बाबा. शरीररचना शिकवणाऱ्या बाई आहेत. तुझं काम आहे, तूच निस्तर."

"नमुना छान झालाय हो," बाई म्हणाल्या. आवाज वयस्क होता, वर्गात बोलून बोलून थोडा घासलेला. "शिरा, स्नायू, सगळं जिथल्या तिथं. पण पुरुषाच्या इंद्रियाचा भाग अपुरा आहे. पुढची त्वचा दाखवलेलीच नाही."

"तसंच असतं ना, बाई?"

बाई अगदी साधेपणानं, विद्यार्थ्याची चूक दुरुस्त करावी तशा म्हणाल्या, "तसं असत नाही. तसं केलं जातं."

फोन ठेवल्यावर तो पुन्हा कानाकडे वळला, पण बोटं चालेनात. बाईंनी चूक दाखवली याचं त्याला काही वाटलं नव्हतं, चुका होतात. नवल वाटलं ते आपण बोललो त्या वाक्याचं. कारण त्याला माहीत होतं. आपलं लहानपणी ऑपरेशन झालं आहे, इतरांचं बहुतेक झालेलं नाही, हे त्याला पुरतं माहीत होतं. शाळेत असताना मधल्या सुट्टीत घंटा होऊन सगळे वर्गात परतेपर्यंत तो कळ सोसून थांबायचा आणि मगच मुतारीत जायचा, ते काही उगीच नव्हे. तरीही एवढी वर्षं हा नमुना तो घडवत आला, कितीतरी कॉलेजांत तो गेला, आणि प्रत्येक वेळी हातानं तेच केलं. हृदय करताना तो पुस्तकं उघडायचा, बरणीतले अवयव बघून यायचा, मोजमाप घ्यायचा. याच एका भागासाठी त्यानं कधी काही उघडून पाहिलं नव्हतं. स्वतःच्या घराची वाट कुणी नकाशात बघतं का! हात सरळ चालत गेला आणि जे होतं ते घडवून मोकळा झाला. आणि इतक्या शहाण्या लोकांनी ते विकत घेतलं, विद्यार्थ्यांपुढे ठेवलं, काठीनं दाखवलं, पण कुणी चकार शब्द काढला नाही. त्याला एकदम सगळ्या कॉलेजांतली सगळी कपाटं दिसली आणि त्या प्रत्येक कपाटात आपण उघडे उभे आहोत असं वाटून त्याचे कान तापले.

चहाच्या वेळी त्यानं साचेवाल्याला सांगितलं. साचेवाला म्हणजे त्याचा कारखान्यातला सर्वांत जुना सोबती. हा मातीत घडवायचा, तो त्याचे साचे काढायचा. साचेवाल्यानं चहा बशीत ओतला आणि खांदे उडवले.

"मग त्यात काय झालं? माझी पण सुंता झालीय. आमच्यात सगळ्यांचीच होते."

"तुला आठवतं?"

"आठवतं की. घर माणसांनी भरलं होतं. आजोबांनी मांडीवर घेतलं होतं मला. दुखलं, बोंब ठोकली. सगळे हसायला लागले, मग मीपण हसलो. त्या दिवसापासून मी मोठ्यांच्या पंगतीत." साचेवाला फुंकर घालून चहा प्यायला. मग बशी खाली ठेवून म्हणाला, "पण माझा थोरला भाऊ अजून धुसफुसतो. म्हणतो, मला कुणी विचारलं होतं? एकाच घरातले, एकाच हाताखालून गेलेले आम्ही दोघं. आता बोल."

त्याच्या स्वतःच्या घरात रीत नव्हती. रीत असती तर निदान तिला नाव असतं, तिच्याभोवती माणसं असती, रागवायचं तर कुणावर हे ठाऊक असतं. त्याच्या घरात त्या अवयवालाच नाव नव्हतं. आंघोळीच्या वेळी आई 'तिथं' म्हणायची. तिथं साबण लाव. तिथं दुखतं का? आणि ज्याला नाव नाही त्याचं काही गेलं तर काय गेलं म्हणून सांगायचं?

दोन दिवसांनी तो कॉलेजात गेला. बाईंची खोली तळमजल्यावर, औषधाच्या उग्र वासाची. बाई ठेंगण्या, पांढऱ्या कोटाच्या खिशात रंगीत खडू. त्यांनी कपाटातून एक बरणी काढली, खिडकीजवळ उजेडात ठेवली आणि शेजारी कोऱ्या कागदावर चित्र काढत बोलायला लागल्या. त्यांच्या बोलण्यात संकोच नव्हता आणि संकोच नसल्याचा दिखावाही नव्हता. ज्या आवाजात त्या गुडघ्याबद्दल बोलल्या असत्या त्याच आवाजात बोलत होत्या.

"लोकांना वाटतं ही टोपी आहे. काढली काय, ठेवली काय. टोपी नाही हो ही, घडी आहे. सदऱ्याची बाही आतल्या बाजूला दुमडली की कसं होतं? बाहेरचं कापड कडेपर्यंत येतं, वळतं आणि आत परत जातं. कापड एकच, बाजू दोन. बाहेरची बाजू साध्या कातडीसारखी. आतली ओलसर, मऊ, ओठाच्या आतल्या बाजूसारखी. आणि जिथे वळण आहे ना, तिथे या बारीक वळ्या. बोटांच्या टोकांना, ओठांना जशी स्पर्शाची जाण असते, तशी इथे. खालच्या अंगाला ही बारीक दोरी, जिभेखाली असते तशीच. ही घडीला जागेवर परत आणते. पुढचा मणी झाकलेला राहतो म्हणून मऊ राहतो. पापणीनं डोळा राखावा तसं."

तो बरणीवर वाकला. म्हणाला, "आणि लहान मुलांत?"

"जन्मतः आतली बाजू मण्याला चिकटलेलीच असते. नख कसं खालच्या मांसाला चिकटून असतं, तसं. वय वाढतं तसं सावकाश सुटत जातं. कुणाचं लवकर, कुणाचं मिसरूड फुटेपर्यंत नाही. ओढायचं नसतं, घाई करायची नसते."

"चिकटलंय म्हणून कुणी कापलं तर?"

बाईंनी खडू खाली ठेवला. "पूर्वी फार कापायचे. चिकटणं हाच आजार समजायचे. काहींना खरंच गरज पडते, नाही असं नाही. सारखी सूज येते, कातडी कडक होऊन व्रण पडतो. तुम्ही कुणाबद्दल विचारताय मला माहीत नाही. आणि न बघता, इतक्या वर्षांनी, ते चूक होतं की बरोबर हे मी सांगणार नाही. कुणीच सांगू शकणार नाही."

रस्त्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपली जीभ ओठाच्या आतल्या बाजूवरून सारखी फिरते आहे. ओलसर, गुळगुळीत, बाहेरच्या हवेला न सरावलेली. आयुष्यभर तोंडात होती ती आणि आज पहिल्यांदा कळत होती. फळवाला ओरडत होता, मोटारी खोळंबल्या होत्या, एक बाई छत्रीनं कुत्र्याला हाकलत होती. आणि तो, पोक्त वयाचा माणूस, मुलीचं लग्न करून दिलेला, नाक्यावर उभा राहून स्वतःच्या ओठाची आतली बाजू चाचपत होता. कुणीच सांगू शकणार नाही, हे वाक्य त्याच्या मागे मागे चालत होतं. चूक होती असं बाई म्हणाल्या असत्या तर तो रागावला असता. बरोबर होतं म्हणाल्या असत्या तर गप्प बसला असता. आता तो दोन्ही करू शकत नव्हता.

त्याला शर्ट आठवला. निळा, नवा, कॉलरच्या आत टाचणी राहून गेलेली. ती टाचणी मानेला टोचली म्हणून तो तक्रार करत होता आणि आई गुडघ्यांवर बसून त्याचे केस विंचरत होती. फोटो काढायला जायचंय, ती म्हणाली होती. राजा दिसतोस अगदी. जिना, लांबच लांब व्हरांडा, फिनेलचा वास. फोटोवाल्याकडे असा वास का येतो, असं त्यानं विचारलं होतं आणि वडील दुसरीकडे बघत होते. मग पांढऱ्या टोपीची एक बाई आली. त्यानं आईचा हात धरला होता, पाची बोटं आवळून. ती बोटं कुणी सोडवली? कितीतरी वर्षं त्याला वाटत होतं, की त्या टोपीवालीनं. पण नाही. आईनंच. एकेक करून, चिकटलेला चिखल काढावा तशी, अंगठ्यापासून. मग टेबल, डोक्यावर ताटाएवढा दिवा, आणि अजूनही त्याला वाटलं होतं की हाच तो फोटोचा दिवा. म्हणून तो हसला होता. फोटोत हसायचं असतं. त्या हसऱ्या तोंडावर कुणीतरी गोडसर, जळकट वासाचं काहीतरी दाबलं.

नंतरचं तुकड्यातुकड्यांनी. पांघरूण अंगाला लागू नये म्हणून खाटेवर उभी केलेली तारेची कमान. आग. लघवीची भीती, इतकी की त्यानं पाणी पिणंच सोडलं. भेटायला आलेला काका, पाय फाकून चालणाऱ्या त्याला बघून म्हणाला, "काय नवरदेव, कशी काय वरात?" आणि सगळे खो खो हसले. ते टोपणनाव पुढे त्याला चिकटलं ते चिकटलंच. प्रत्येक लग्नकार्यात काका 'नवरदेव' म्हणून हाक मारायचा. माणसं विचारायची का, आणि काका डोळा मारायचा. तो हसायचा. हसून साजरं करायला तो टेबलावरच शिकला होता. पुढे महिनाभरानं वडिलांनी खरंच त्याला आणि आईला फोटो काढायला नेलं. खोट्याचं खरं करायचं असेल त्यांना, स्वतःपुरतं. तो फोटो अजून भिंतीवर आहे. वडील खुर्चीत, आई शेजारी उभी, आणि निळ्या शर्टातला तो दोघांपासून हातभर लांब, जणू शेजारच्यांचा मुलगा चुकून चौकटीत आला आहे.

नव्या नमुन्याचं काम सोपं गेलं नाही. "साच्यातून निघायचं तर आतबाहेर सरळ लागतं," साचेवाला म्हणाला. "घडी आतल्या आत अडकणार आणि फाटणार. वरवर कोरून दे की, कोण हलवून बघतंय!" पण तो ऐकेना. नुसती कोरलेली घडी म्हणजे पुन्हा टोपीच झाली असती. बाईंनी जे दाखवलं होतं त्यात आकार थोडा आणि हालचाल फार होती. त्यानं काचेच्या दांडीवर पातळ केलेल्या रबराचे थर द्यायला सुरुवात केली. एक थर वाळला की दुसरा. मग ते कवच टाल्कम पावडर लावून अलगद सोडवायचं आणि अर्ध्यावर आत वळवायचं. पहिलं फाटलं. दुसरं जाड झालं, वळल्यावर तसंच ताठ राहिलं. वळ्या करायला त्यानं दांडीवर बारीक दोरा गुंडाळून पाहिला. मालक दोनदा येऊन गेला. म्हणाला, "अरे, एवढ्या वेळात दोन मेंदू झाले असते." रंग देणाऱ्या बाईंनी विचारलं, "आतून कुठला रंग देऊ?" आणि त्यानं वर न बघता सांगितलं, "तुमच्या ओठाच्या आतला." त्यांनी पर्समधला आरसा काढून खालचा ओठ ओढून बघितला, मान हलवली आणि गुलाबीत किंचित जांभळा टाकून रंग घोटायला घेतला.

ज्या दिवशी ते जमलं त्या दिवशी हॉलमध्ये फारसं कुणी नव्हतं. त्यानं अंगठ्यानं कडेला हलकेच मागे सारलं. बाहेरची बाजू सरकली, वळणावरून आतली बाहेर आली, ओलसर रंगाची, वळ्या उलगडल्या. आणि अंगठा काढल्यावर ते सगळं आपलं आपण, घाई न करता, जागेवर परत गेलं. एवढंच. त्यानं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा गेलं. तो खाली बसला. इतकी वर्षं त्याला फक्त एवढंच ठाऊक होतं की काहीतरी केलं गेलं. काय नेलं गेलं हे आज त्याच्या स्वतःच्या हातांनी त्याच्यासमोर ठेवलं होतं. नुसती कातडी म्हणावी तर तिच्यात एक येणंजाणं होतं, एक झाकणं आणि उघडणं. ते त्यानं कधी अनुभवलं नव्हतं आणि पुढेही अनुभवणार नव्हता, त्यामुळे ते किती मोठं होतं की अगदी क्षुल्लक होतं, हे त्याला कधीच कळणार नव्हतं. साचेवाल्याला त्याची गरज वाटत नव्हती आणि साचेवाला सुखी माणूस होता. मग हे आपल्यालाच का सलावं? त्याला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं अंग जड झालं, पाण्यात भिजलेल्या घोंगडीसारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे वाळत घालताना त्यानं बायकोला सगळं सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा विषय कधी निघाला नव्हता. ती चिमटे तोंडात धरून ऐकत राहिली. मग चिमटे काढून म्हणाली, "तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुला कळलं नाही?"

"मला काय कळणार? मी काय दहा जणांना बघून तुम्हाला पसंत केलं होतं?" दोघांनाही हसू आलं. मग ती गंभीर झाली. "मला इतकंच माहीत होतं की तुम्ही खोलीत दिवा लावू देत नाही. आधी वाटायचं, मीच आवडत नसेन. मग वाटलं, असतो एकेकाचा स्वभाव." तिनं चादरीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं आणि दोघांनी मिळून ती झटकली. "आईंना विचारा. त्या आहेत अजून. नंतर फोटोला विचारत बसाल."

आई मागच्या खोलीत असायची. वय झालेलं, डाव्या कानानं कमी ऐकू येणारी, पण हात रिकामे न ठेवणारी. त्या रविवारी ती जुना स्वेटर उसवून लोकरीचा गुंडा करत होती. तो तिचं सगळं करायचा. औषधं आणायचा, डॉक्टरकडे न्यायचा, चष्म्याची काडी दुरुस्त करून द्यायचा. लोक त्याचं उदाहरण द्यायचे. फक्त जिना चढताना तिला हात द्यायची वेळ आली की तो बायकोला पुढे करायचा. खुर्ची ओढून तो तिच्या उजव्या कानाच्या बाजूला बसला.

"ऐकतेस का, एक विचारायचं होतं. ते ऑपरेशन..."

"कुणाचं?"

"माझं. लहानपणीचं."

लोकर थांबली. "फोटोचं?" आई म्हणाली.

तो दिवस तिच्याही मनात त्याच नावानं इतकी वर्षं राहिला असेल, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"तुला ताप यायचा," ती म्हणाली. "लघवी करताना रडायचास. डॉक्टर म्हणाले, चिकटलंय, काढून टाकू, पुढची कटकट जाईल. कटकट म्हणाले ते. मी चोविशीची होते. डॉक्टरला उलट काही विचारायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं."

"आणि फोटो? ते कुणाचं डोकं?"

"ह्यांचं. म्हणाले, खरं सांगितलंस तर पोरगा घरातून हलणार नाही." आईनं गुंडा मांडीवर ठेवला. "पण बोलले मी. माझ्या तोंडानं बोलले. गेलेल्या माणसावर कशाला ढकलू? आणि तुझी बोटंही मीच सोडवली. दाराबाहेर उभी होते. तू आत हाक मारलीस. एकदाच. मग आवाज बंद झाला आणि मला वाटलं, गेला हा."

त्याला आपली हाक आठवत नव्हती.

"सगळे म्हणायचे, लहान आहे, विसरेल," आई पुढे म्हणाली. "पण तू विसरला नाहीस हे मला ठाऊक होतं."

"कशावरून?"

"तू मला हाक मारत नाहीस."

"म्हणजे?"

"आई म्हणत नाहीस. आधी दिवसभर 'आई गं, आई गं' करून डोकं उठवायचास. घरी आणल्यावर पाणी हवं झालं तर 'पाणी'. भूक लागली तर 'भूक'. पुढे मोठा झालास तसं 'अगं', 'ऐकतेस का', 'इकडे बघ'. लोकांना सांगतोस माझी आई, माझी आई. मला म्हणत नाहीस. मी वाट बघितली. तू पहिल्यांदा परगावी निघालास तेव्हा. लग्नात पाया पडलास तेव्हा. ह्यांना नेलं त्या दिवशी तर वाटलं, आज तरी म्हणेल. मग सोडून दिलं. माणूस सरावतो रे कशालाही."

"काहीतरीच काय!" तो म्हणाला. आणि लगेच मनातल्या मनात शोधायला लागला. स्टेशनवरचं, दवाखान्यातलं, जेवताना, भांडताना, मुलगी झाल्याचं सांगायला धावत आला तेव्हाचं. प्रत्येक वाक्य सापडत होतं आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला, जिथे तो शब्द असायला हवा होता तिथे, जागा सपाट होती. इतकी सफाईनं सपाट की त्याच्या स्वतःच्याही कधी लक्षात आली नव्हती. त्याचं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला आणि तिथेच, कुणा दुसऱ्याचा दात तोंडात सापडावा तसा, परका होऊन बसला.

"राहू दे," आई म्हणाली. "मी बोलले म्हणून म्हणू नकोस. मागून घेतलेलं नको मला. कापलं ते चुकलं की नाही, डॉक्टर जाणोत. फसवून नेलं ते चुकलं. माझं चुकलं." आणि तिनं पुन्हा लोकर हातात घेतली.

तो उठून बाहेर गेला आणि बराच वेळ चालत राहिला. त्याला राग आला होता, आणि हा राग फार विचित्र होता. इतकी वर्षं दुखणं त्याच्या एकट्याचं होतं. आता त्यातही ती वाटेकरी होऊन बसली होती. त्यानं तिला शिक्षा केली होती आणि ते त्याला ठाऊकसुद्धा नव्हतं. पाच वर्षांच्या पोरानं दिलेली शिक्षा, आणि एका बाईनं ती बिनतक्रार, कुणाला न सांगता, म्हातारी होईपर्यंत भोगली होती. त्याला वाटलं, तिनं हे सांगायला नको होतं. मग वाटलं, आधीच का नाही सांगितलं? दोन्ही विचार खरेच होते आणि दोन्हींनी मन हलकं होत नव्हतं. पुढचे काही दिवस तो तिच्या खोलीत गेला की पहिला शब्द गिळूनच बोले. फरक एवढाच की आता ते गिळणं त्याला घशात जाणवायचं, आणि ती ऐकते आहे हेही.

नमुना द्यायला तो स्वतः गेला, परत आलेलं खोकंही बरोबर घेऊन. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, घडी मागे पुढे करून पाहिली, दोरीपाशी बोट नेलं, वळ्या पाहिल्या. "सुरेख," त्या म्हणाल्या. "खरंच सुरेख. आता जुना टाकून द्या."

"नको," तो म्हणाला. आपण एवढ्या ठामपणे बोलू असं त्याला वाटलं नव्हतं. "तोही असू द्या शेजारी. तशीही माणसं पुष्कळ आहेत, बाई. उद्या ही पोरं डॉक्टर होतील. तसा कुणी त्यांच्यासमोर आला तर त्यांनी त्याला अपुरा म्हणू नये."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. जुना नमुना खोक्यातून काढून त्यांनी पदराच्या टोकानं पुसला आणि कपाटात नव्याच्या शेजारी ठेवला.

तो कारखान्यात परत न जाता घरी आला. दुपारची वेळ, स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज, बायको ओट्यापाशी. आई खाटेवर खिडकीकडे तोंड करून बसली होती, पाठ अर्धवट दाराकडे. पांढऱ्या केसांचा लहानसा अंबाडा आणि मानेवरचं एक हाड. इतकी मानेची हाडं त्यानं घडवली होती, पण हे त्यानं नीट पाहिलं नव्हतं. तो उंबऱ्यात उभा राहिला. काही ठरवून आला नव्हता. "आई," तो म्हणाला. ऐकू गेलं नाही, डावा कान त्याच्याकडे होता. शब्द त्याला वाटला होता त्यापेक्षा पुष्कळ लहान निघाला, फुंकरीएवढा. "आई," तो पुन्हा म्हणाला. ती खिडकीतून खाली कुणाचं तरी भांडण बघत होती. मग तो शब्द त्याच्या छातीतून असा काही निघाला, की ओट्यापाशी भांडं पडलं आणि बायको ओल्या हातांनी धावत बाहेर आली.

आई वळली. "ओरडतोस काय एवढा?" ती म्हणाली. "बहिरी आहे का मी?"

मग ती त्याच्याकडे बघत राहिली. बायको काय समजायचं ते समजली आणि आत गेली.

"बोल," आई म्हणाली.

हाक मारून झाली होती आणि तिच्यापुढे काय असतं ते त्याला ठाऊक नव्हतं. तो चौकटीला धरून उभा राहिला. शेवटी जे होतं तेच बोलला. "मला राग आहे अजून. जाईल असं वाटत नाही."

"असू दे," आई म्हणाली. तिनं खाटेवरची लोकर गोळा करून उशाशी सारली आणि स्वतः थोडी भिंतीकडे सरकली. "राग घेऊनच बस."